मठाचे माप

भास्कराचार्यांच्या जन्माला नऊशे वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने सप्टेंबर २०१४ मध्ये ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळात एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तीत वाचले गेलेले निबंध पुढे के. रामसुब्रमणियन, ताकाओ हायाशी आणि क्लेमेन्सी मॉन्टेल यांच्या संपादनाखाली 'भास्कर-प्रभा' या नावाने २०१९ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूप झाले. भिवंडीहून कशेळीचा पूल ओलांडला की ठाणे आलेच. पण मराठीच्या अध्यापकाला गणिताची परिषद सातासमुद्रापलीकडचीच वाटते. गणितवाल्यांनी आपले पाहावे, आपण आपले पाहावे, असा एक अलिखित करार आपल्या महाविद्यालयांत फार वर्षे चालत आला आहे. या कराराला छेद देणारा एक पुरावा मराठीच्या अभ्यासक्रमातच पडून आहे, हे दाखवणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. तो पुरावा म्हणजे चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख.

त्या लेखाकडे जाण्यापूर्वी गणितातील एका भेदाचा विचार करावा लागेल. विद्यापीठांत शुद्ध गणित आणि उपयोजित गणित अशा दोन शाखा मानतात. शुद्ध गणिताने स्वतःच्याच प्रश्नांचा शोध घ्यावा, उपयोजित गणिताने ग्रहगोलांचे, यंत्रांचे, बाजाराचे प्रश्न सोडवावेत, अशी ही वाटणी. साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात काही अपरिचित वाटू नये. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांच्या नावांनी ओळखला जाणारा वाद आपण परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून इतक्यांदा वाचला आहे की त्यातली धग निघून गेली आहे. गणितात हाच वाद जी. एच. हार्डी यांनी १९४० साली आपल्या आत्मपर पुस्तकात मांडला होता. आपल्या गणिताचा व्यवहारात काहीही उपयोग नाही, याचा त्यांना अभिमान होता. ज्या अंकशास्त्राच्या निरुपयोगीपणाची त्यांना खात्री होती, त्यातील अविभाज्य संख्यांवर आज बँकांचे गुप्त संदेश उभे आहेत. म्हणजे ही भिंत वाटते तितकी भक्कम नाही, हे विसाव्या शतकाच्या अनुभवानेच सिद्ध केले. आमच्या मते तेराव्या शतकाच्या आरंभी खानदेशात ती भिंत उभीच राहिलेली नव्हती.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. 'लीलावती', 'बीजगणित', 'ग्रहगणित' आणि 'गोलाध्याय' हे त्याचे चार भाग. 'लीलावती' हे नाव मराठी माणसाला ठाऊक असते ते तिच्याभोवती रचलेल्या दंतकथेमुळे. ग्रंथ उघडून पाहिला तर पहिल्याच पानांवर बाजार भेटतो. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. मग सोन्याची वजने, जमिनीची लांबी, धान्याची मापे. पुढे व्याज आहे, विहिरीचे खणकाम आहे, विटांचे थर आहेत, लाकूड कापण्याची करवत आहे, खळ्यावरची धान्याची रास आहे. आणि याच ग्रंथाच्या शेवटाकडे कुट्टक आणि अंकपाश येतात. त्यांतला अंकपाश म्हणजे अंकांच्या मांडणीचे किती प्रकार संभवतात, याचा विचार; तो करताना कुणाच्या घरी धान्य मोजायचे नसते.

'बीजगणिता'त तर ही झेप अधिकच लांबते. एका संख्येचा वर्ग करून त्याला ६१ ने गुणावे, त्यात १ मिळवावा आणि येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्ग असावी, तर मूळ संख्या कोणती? भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने दिलेले सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० असे आहे आणि दुसऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९ येते. इतक्या मोठ्या संख्येची गरज ना वाण्याला होती, ना ज्योतिषाला. हाच प्रश्न फ्रान्सच्या फर्माने १६५७ साली युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून घातला, तेव्हा त्याला या उत्तराची वार्ता नव्हती. निव्वळ प्रश्नाच्या ओढीने केलेले हे गणित. 'ग्रहगणिता'त मात्र हाच लेखक ग्रहाच्या क्षणाक्षणाला बदलणाऱ्या गतीचा, म्हणजे तात्कालिक गतीचा, विचार करतो आणि तो करतो तो चंद्राचे स्थान नेमके सांगता यावे यासाठी. विटांचा थर, एकसष्टचे कोडे आणि चंद्राची चाल या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच ग्रंथात शेजारी नांदतात. त्या शेजाराबद्दल त्याला कुठे खुलासा करावासा वाटलेला नाही.

आता पाटण. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, सातमाळ्याच्या कुशीतले हे स्थान आज पाटणादेवी या नावाने ओळखले जाते. तेथील देवीच्या जुन्या देवळातील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत विद्वानांच्या नजरेस आणला. भाऊ दाजी मुंबईत वैद्यकी करणारे, रोग्यांच्या गराड्यातले गृहस्थ. आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंतच्या ज्योतिषकारांचा काळ निश्चित करण्याच्या खटाटोपात हा लेख त्यांच्या हाती लागला. पुढे कीलहॉर्न यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात संपादित केला आणि शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या १९६३ च्या संग्रहामुळे तो मराठीच्या वर्गात पोचला.

लेखाचा काळ शके ११२८, म्हणजे साधारणपणे इ.स. १२०७. 'लीळाचरित्र' आणि 'ज्ञानेश्वरी' यांच्या कितीतरी आधीचा. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची परंपरा दिली आहे. ती सुरू होते त्रिविक्रम नावाच्या कविचक्रवर्तीपासून. कवीपासून निघालेली ही वंशावळ महेश्वर, त्यांचा पुत्र भास्कर, भास्कराचा पुत्र लक्ष्मीधर अशी येत येत नातू चांगदेवापर्यंत पोचते. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने आपल्या पंडितांत अग्रस्थान दिले. चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला एक मठ स्थापन केला. 'सिद्धान्तशिरोमणी' आणि घराण्यातील इतरांचे ग्रंथ या मठात शिकवले जावेत, अशी त्याची इच्छा. देवाच्या पूजेसाठी, अन्नछत्रासाठी दिलेली दाने आपल्या शिलालेखांत पुष्कळ सापडतात. गणिताच्या ग्रंथांच्या पठणासाठी दिलेले दान ही दुर्मीळ गोष्ट आहे.

हे दान दिले यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेवाने. त्याच्यामागून त्याचा भाऊ हेमाडीदेव यानेही मठाला आश्रय दिला. दानाचा दिवस होता श्रावणी पौर्णिमेचा, चंद्रग्रहणाचा. ग्रहणकाळी दान करावे ही धर्माज्ञा, म्हणून या तपशिलाकडे सहसा कुणी थांबून पाहत नाही. थांबून पाहिले तर एक मौज दिसते. ज्या विद्येसाठी हे दान होते, तीच विद्या ग्रहण कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला लागणार ते सांगत होती. मठाला मिळालेल्या दानाचा मुहूर्त काढून देणारे शास्त्र मठाच्याच पोथ्यांत होते.

येथवर लेखाची भाषा संस्कृत आहे, बरीचशी पद्यात आहे. वंशाचा गौरव, शास्त्राचा गौरव, राजांची बिरुदे असे सारे काही भारदस्त. मग तपशील येतो तो दानाच्या व्यवहाराचा आणि तेथे लेख मराठीत उतरतो. पाटणच्या पेठेत जो माल विकायला येईल त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला. ग्राहकाकडून पाच पोफळे. जेवढे घाणे चालतील तेवढ्यांकडून पळी पळी तेल. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असे एक कलम: या ठिकाणी जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे. मापणावळीचा अर्धा वाटाही मठाचा.

मराठीच्या वर्गात हा भाग आम्ही दर वर्षी शिकवतो, तो भाषेच्या इतिहासाचा नमुना म्हणून. विभक्तीचे प्रत्यय पाहावेत, भूतकालवाचक रूपे पाहावीत, 'केणे' म्हणजे विक्रीचा माल असे शब्दार्थ द्यावेत आणि पुढच्या लेखाकडे वळावे. पण मठाच्या मापाचे हे कलम व्याकरणाच्या पलीकडचे आहे. जेथे चक्रवाल आणि कुट्टक शिकवले जात होते त्या संस्थेचे माप पेठेत प्रमाण मानले जाणार होते. राजसत्तेला मापाच्या सचोटीसाठी गणिताच्या मठापेक्षा विश्वासाची जागा दिसली नसावी. निदान मठाला तो मान आणि त्याचे उत्पन्न द्यावे असे तरी तिला वाटले. तेलाच्या पळीवर दिवा जळायचा आणि त्या दिव्याखाली विद्यार्थी ग्रहगणित वाचायचे, हे चित्र आम्ही कल्पनेने रंगवीत आहोत, हे मान्य. परंतु घाण्याचे तेल मठाला मिळत होते आणि मठात सिद्धान्त शिकवला जात होता, या दोन्ही गोष्टी दगडावर कोरलेल्या आहेत.

मापाचा आणि गणिताचा हा संबंध 'लीलावती'तच पाहता येतो. व्यस्त त्रैराशिकाच्या प्रकरणात भास्कराचार्य एक उदाहरण घालतात. धान्याची एक रास सात आढकांच्या मापाने मोजली तेव्हा शंभर मापे भरली. पाच आढकांचे माप घेतले तर किती भरतील? उत्तर १४०. माप लहान झाले की आकडा वाढतो, रास तीच राहते. शेतकऱ्याला फसवण्याची जगातली सर्वांत जुनी युक्ती या उदाहरणाच्या पोटात आहे. पेठेत दोन मापे असतील, घेताना एक आणि देताना दुसरे, तर शंभराचे एकशेचाळीस व्हायला वेळ लागत नाही. मग 'येथे मठाच्याच मापाने मोजावे' या कलमाचा अर्थ उलगडतो. आजोबांच्या ग्रंथात जे उदाहरण होते ते नातवाच्या मठाच्या दारात व्यवहाराचा नियम होऊन उभे राहिले.

या शिलालेखात गणिताची फाळणी नाही. भाषेची मात्र आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी खरा विचार करावा तो याचा. शास्त्राचे बोलणे संस्कृतात, तेला-पोफळांचे बोलणे मराठीत. शुद्ध आणि उपयोजित ही रेघ ज्ञानाच्या मधून जात नाही, ती दोन भाषांच्या मधून जाते. पुढच्या सात शतकांत संस्कृतची जागा इंग्रजीने घेतली. रेघ होती तेथेच राहिली. जॉन टेलर यांनी केलेला 'लीलावती'चा इंग्रजी अनुवाद १८१६ साली मुंबईत छापला गेला. ज्या प्रदेशात ग्रंथकर्त्याच्या नातवाने मठ बांधला, त्या प्रदेशाच्या राजधानीत तो ग्रंथ इंग्रजीतून प्रकाशित झाला, ही घटना पुरेशी बोलकी आहे.

ही रेघ पुसण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बाळशास्त्री जांभेकरांना आपण 'दर्पण'कार म्हणून ओळखतो. एल्फिन्स्टनमध्ये त्यांनी गणित आणि ज्योतिष शिकवले, आणि १८४५ साली 'ज्ञानेश्वरी' शिळाछापावर प्रथम प्रसिद्ध केली तीही त्यांनीच. एकाच माणसाने गणिताचा वर्ग घ्यावा आणि ज्ञानदेवांची संहिता सिद्ध करावी, यात त्या पिढीला विसंगती वाटली नाही. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत लिहिली आणि युरोपीय वेधांवर आधारलेले गणित मराठी पंचांगाच्या हाती दिले. १८६५ पासून निघू लागलेले पटवर्धनी पंचांग त्यांच्याच मताने चालले. लोकमान्य टिळक हे डेक्कन कॉलेजातले त्यांचे विद्यार्थी. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ चा. तो मराठीत आहे, आणि विद्वानांनी तो मूळ मराठीतून वाचण्याची तसदी घेतली. पुढे त्याचा इंग्रजी अनुवाद करावा लागला, कारण त्याला वळसा घालून जाता येत नव्हते. मराठीत शास्त्र लिहिता येते, एवढेच या ग्रंथाने सिद्ध केले नाही. ते वाचणे इतरांना भाग पाडता येते, हेही दाखवले.

विसाव्या शतकात शुद्ध-उपयोजितची सीमा सर्वांत निर्भयपणे ओलांडली ती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. जन्म गोव्यातला, १९०७ चा, शिक्षण हार्वर्डचे, १९३३ पासून पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये अध्यापन आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. भूमितीतील त्यांचे काम कार्तां आणि चर्न यांच्या नावांबरोबर घेतले जाते. जनुकांमधील अंतर काढण्याचे त्यांचे १९४४ चे सूत्र आजही अनुवंशशास्त्रात कोसंबींच्याच नावाने वापरतात. आहत नाणी हातोहात फिरताना झिजतात, म्हणून त्यांच्या वजनांतील घटीवरून ती किती काळ चलनात होती हे ताडता येईल, असे म्हणून त्यांनी संग्रहालयांतली नाणी तराजूत घातली. १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तीही याच माणसाने. पाटणचा मठ एका माणसात मावू शकतो, असे कोसंबींकडे पाहून वाटते.

पण त्यांच्या कथेचा शेवट विसरून चालणार नाही. फेब्रुवारी १९५६ मध्ये टाटा संस्थेने मुंबईत झीटा फलनांवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरवला होता. सेल्बर्ग यांच्यासारखे गणितज्ञ त्यास आले होते. झीटा फलनाशी निगडित रीमानचा सिद्धान्त-प्रस्ताव हा शुद्ध गणितातला सर्वांत मानाचा अनुत्तरित प्रश्न. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९५९ साली, कोसंबींनी संभाव्यतेच्या वाटेने त्या प्रश्नाला हात घातला आणि आपला लेख दिला तो शेतीविषयक संख्याशास्त्राच्या एका भारतीय पत्रिकेला. गणितज्ञांनी ती सिद्धता मान्य केली नाही. १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांची नेमणूक पुढे चालू राहिली नाही. त्याला इतरही मतभेदांची पार्श्वभूमी होती. सिद्धता सदोष होती, हे खरेच. तरीही शेतीच्या संख्याशास्त्राचे हत्यार घेऊन अविभाज्य संख्यांच्या गाभाऱ्यात शिरणाऱ्या माणसाकडे पाहून मनात येते की सीमा ओलांडण्याची किंमत असते, आणि ती ज्याची त्यालाच मोजावी लागते. पाटणच्या मठाला अशी किंमत मोजावी लागली नाही, कारण त्याच्या भोवती ही सीमाच आखलेली नव्हती.

भिवंडीत बसून या गोष्टींचा विचार करताना यंत्रमागांची खडखड कानांवर असतेच. आमच्या वर्गातली कित्येक मुले मागवाल्यांच्या घरची आहेत. सुताचा काउंट म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी भरतील तितका त्या सुताचा काउंट. म्हणून आकडा चढला की धागा बारीक होतो. आकडा वाढताना वस्तू घटते हे व्यस्त प्रमाण त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. सात आढकांच्या मापाचे उदाहरण त्यांना सांगितले तर त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू उमटेल. मात्र 'व्यस्त त्रैराशिक' हा शब्द आणि काउंटचा हिशेब यांची गाठ त्यांच्या शिक्षणात कुठेच घातली जात नाही. गणिताच्या तासाला सूत्र येते, मराठीच्या तासाला पाटणचा लेख येतो, कारखान्यात सूत येते. या तीन ठिकाणच्या भाषाही निरनिराळ्या आहेत; भिवंडीत तर त्यांत उर्दू आणि तेलुगूची भर पडते.

आमच्याच तालुक्यात लोनाडला लेणी आहेत, शिवाय शिलाहारकालीन शिवमंदिर आणि शिलालेख आहेत. बाराव्या-तेराव्या शतकांतले हे दगड वाचायला विद्यार्थ्यांना नेता येते, तेथे दानाची भाषा दाखवता येते. पाटण त्या मानाने दूर आहे. पण पाटणच्या लेखाचा मजकूर गणिताच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी एका खोलीत बसून वाचायला चाळीसगावला जावे लागत नाही. संस्कृत भाग कुणी समजावून द्यावा, मराठी भाग कुणी फोडून सांगावा, ग्रहणाचे गणित फळ्यावर कुणी मांडावे. ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' १९७१ पासून मराठीत उपलब्ध आहे, तेव्हा भाषेची सबब सांगायलाही जागा नाही. ठाण्याच्या परिषदेत देशोदेशीच्या विद्वानांनी भास्कराचार्यांच्या गणिताचा ऊहापोह केला. त्या गणिताला तेल आणि पोफळे पुरवणाऱ्या मराठीची बाजू मांडण्याचे काम मराठी विभागांचे आहे. पाटणच्या लेखावर पुढच्या परीक्षेत प्रत्ययांखेरीज एखादा प्रश्न निघाला आणि त्याचे उत्तर तपासायला गणिताच्या शेजारच्या खोलीत जावे लागले, तर या कामाला सुरुवात झाली असे आम्ही समजू.